‘सेंद्रिय’ : रसायनशास्त्रातील एका संज्ञेचा अर्थ आणि वापर

प्रस्तावना

युरिया हा सेंद्रिय पदार्थ आहे काय? रसायनशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे, आणि ते लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास पूर्ण गुण मिळतात. मात्र सेंद्रिय शेतीच्या प्रमाणपत्रासाठी नोंदणी केलेल्या शेतकऱ्याने हेच उत्तर प्रमाण मानून शेतात युरियाची एक गोणी टाकली, तर ती जमीन प्रमाणीकरणास अपात्र ठरते. ग्रामीण भागातील महाविद्यालयात हे दोन्ही अनुभव पुष्कळदा एकाच विद्यार्थ्याच्या वाट्याला येतात. सकाळी तो वर्गात व्होलरचा प्रयोग शिकतो आणि सायंकाळी घरी ‘युरिया बंद, आता सेंद्रिय’ हे शब्द ऐकतो. दोहोंपैकी एक कोणीतरी चुकत आहे असा त्याचा समज होतो. बहुधा चूक शिक्षकांची नसून वडिलांचीच, असेही तो ठरवून टाकतो.

वस्तुतः येथे कोणीच चुकत नाही. ‘सेंद्रिय’ हा शब्द तीन निरनिराळ्या प्रश्नांना उत्तर म्हणून वापरला जातो : पदार्थ कोठून आला, तो कशाचा बनला आहे आणि तो कोणत्या पद्धतीने पिकविला गेला. प्रश्न कोणता विचारला आहे हे स्पष्ट न करता उत्तर दिले की गोंधळ उत्पन्न होतो. प्रस्तुत लेखात या संज्ञेचा प्रवास आणि तिच्या आजच्या वापरातील अडचणी यांचा विचार केला आहे.

शब्दाची घडण

‘सेंद्रिय’ म्हणजे इंद्रियांसहित असलेले. हा शब्द आधुनिक रसायनशास्त्राने घडविलेला नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात द्रव्यांचे सेंद्रिय आणि निरिंद्रिय असे दोन भाग केलेले आढळतात. सेंद्रिय द्रव्य हे चेतन आणि निरिंद्रिय हे अचेतन, असा तो भेद आहे. पुढे युरोपीय रसायनशास्त्र मराठीत आणताना भाषांतरकारांना हा तयार शब्द मिळाला. इंग्रजीतील ‘ऑर्गॅनिक’ या शब्दाच्या मुळाशीही ‘ऑर्गन’, म्हणजे शरीराचा अवयव आहे. दोन भाषांत स्वतंत्रपणे घडलेल्या शब्दांची मुळे इतकी जुळावीत, असे परिभाषेच्या क्षेत्रात क्वचितच घडते. म्हणूनच हे भाषांतर अतिशय अचूक ठरले. मूळ शब्दातील दोषदेखील त्याने इमानाने उचलला, एवढेच.

तो दोष असा. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस याने सजीवांच्या शरीरात आढळणाऱ्या द्रव्यांच्या अभ्यासास सेंद्रिय रसायनशास्त्र हे नाव रूढ केले. साखर, मद्यार्क, मेद, मूत्रातील युरिया, फळांतील आम्ले ही सेंद्रिय, तर मीठ, चुना, गंधक, धातूंची खनिजे ही असेंद्रिय. वर्गीकरणाची कसोटी उगम ही होती. सेंद्रिय द्रव्ये केवळ सजीव शरीरातच निर्माण होऊ शकतात, कारण त्यांच्या घडणीस एक विशेष जीवनशक्ती लागते, ही समजूत या कसोटीच्या पाठीशी होती.

व्होलरचा युरिया

१८२८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिड्रिख व्होलर याने सायनेट आणि अमोनिया यांच्या संयोगातून अमोनियम सायनेट मिळविण्याचा प्रयत्न केला. हाती आले ते पांढरे स्फटिक मात्र युरियाचे होते. मूत्रातून वेगळा केलेला युरिया रसायनशास्त्रज्ञांना १७७३ पासून ठाऊक होता. त्यामुळे तुलना करणे कठीण नव्हते. मूत्रपिंडाची, मग ते माणसाचे असो वा कुत्र्याचे, मदत न घेता आपण युरिया तयार केला आहे, असे व्होलरने बर्झेलियसला पत्राने कळविले.

पाठ्यपुस्तकांत ही घटना जीवनशक्तीच्या सिद्धांताचा अंत म्हणून सांगितली जाते. हे वर्णन आकर्षक असले तरी इतिहासाला धरून नाही. विज्ञानाच्या इतिहासकारांनी ही बाब विसाव्या शतकाच्या मध्यापासून वारंवार निदर्शनास आणली आहे. एक तर व्होलरने वापरलेली सायनेटे त्या काळी शिंगे, रक्त यांसारख्या प्राणिज पदार्थांपासून सुरुवात करून मिळविली जात. जीवनशक्ती त्या कच्च्या मालातूनच आली असेल, असा आक्षेप सहज घेता येत होता. दुसरे असे की, व्होलरनेच १८२४ मध्ये सायनोजेनपासून ऑक्झॅलिक आम्ल तयार केले होते. ऑक्झॅलिक आम्ल हेही वनस्पतिज द्रव्य होय. आंबट चुक्यात ते असते, आणि अळूची पाने नीट न शिजविल्यास घशाला जी खाज सुटते ती याच आम्लाच्या कॅल्शियम क्षाराच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. तरीही १८२४ चा प्रयोग कोणास क्रांतिकारक वाटला नाही. हर्मान कोल्बे याने १८४५ मध्ये मूलद्रव्यांपासून पायरीपायरीने अॅसेटिक आम्ल घडविले. त्यानंतरच्या दशकांत बर्थेलो याने अनेक संयुगांचे संश्लेषण केले. तेव्हा कोठे उगमाची कसोटी निकामी झाली. सिद्धांत एका सकाळी कोसळत नाहीत. हळूहळू त्यांचा वापर थांबतो.

कार्बन आणि त्याचे अपवाद

उगम ही कसोटी गेल्यावर तिच्या जागी काय आणावयाचे? १८६१ मध्ये ऑगस्ट केकुले याने आपल्या ग्रंथात सेंद्रिय रसायनशास्त्र म्हणजे कार्बनच्या संयुगांचे रसायनशास्त्र अशी व्याख्या केली. आजही महाविद्यालयात हीच व्याख्या शिकविली जाते. येथे संज्ञेचा अर्थ पूर्णपणे बदलला, परंतु शब्द तोच राहिला. ‘कोठून आले’ याऐवजी ‘कशाचे बनले’ हा प्रश्न विचारला जाऊ लागला. शब्दाच्या पोटात मात्र ‘इंद्रिय’ तसेच राहिले.

नवी व्याख्या निर्दोष आहे असेही नाही. कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, चुनखडीसारखी कार्बोनेटे, सायनाइडे आणि बहुतेक कार्बाइडे यांत कार्बन असूनही त्यांची गणना असेंद्रिय संयुगांत होते. हे अपवाद तर्कापेक्षा परंपरेने ठरले आहेत. त्यांवर तोडगा म्हणून काही पुस्तके ‘ज्यात कार्बन व हायड्रोजन यांचा परस्परांशी थेट बंध असतो ते सेंद्रिय’ अशी व्याख्या देतात. ही व्याख्या नीटनेटकी दिसते, पण तिचा परिणाम विलक्षण होतो. युरियाच्या रेणूत कार्बनचा अणू एका ऑक्सिजनशी आणि दोन नायट्रोजनांशी जोडलेला असतो, हायड्रोजनशी नव्हे. चारही हायड्रोजन नायट्रोजनांवर असतात. म्हणजे ज्या संयुगाच्या संश्लेषणाने सेंद्रिय रसायनशास्त्राचा प्रारंभ झाला असे शिकविले जाते, तेच संयुग या व्याख्येनुसार सेंद्रिय ठरत नाही! ऑक्झॅलिक आम्ल आणि कार्बन टेट्राक्लोराइड यांचीही तीच गत होते. त्यामुळे ही व्याख्या पदवीच्या वर्गात सांगताना तिची मर्यादाही त्याच तासाला सांगणे आवश्यक आहे.

शेतीतील ‘सेंद्रिय’

शेतीच्या संदर्भात हा शब्द रसायनशास्त्रातून आला, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. इंग्लंडमधील लॉर्ड नॉर्थबोर्न याने १९४० मध्ये ‘लुक टू द लँड’ हे पुस्तक लिहिले. शेत हे एक सजीव शरीर आहे, त्याचे सर्व भाग परस्परावलंबी आहेत, अशी कल्पना त्यात मांडली आहे. ‘ऑर्गॅनिक’ हे विशेषण तेथे शेताच्या रचनेस लावले आहे, खतातील रेणूस नव्हे. त्यापूर्वी १९२४ ते १९३१ या काळात सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी होळकरांच्या इंदूर येथील संस्थेत काडीकचरा व शेण कुजविण्याची पद्धत विकसित केली. त्यांनी वाय. डी. वाड यांच्यासह त्यावर १९३१ मध्ये ग्रंथही प्रसिद्ध केला. महाराष्ट्रातील कृषी पुस्तिकांत आजही ‘इंदूर पद्धत’ या नावाने ती सांगितली जाते. पुढे पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार टाक्याची ‘नाडेप’ पद्धत रूढ केली. कुजविणे हा या साऱ्या परंपरेचा गाभा आहे. कार्बनचे बंध मोजणे हा तिचा विषय कधीच नव्हता.

भारतात २००१ पासून राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम अंमलात आहे. त्याची मानके वाचली तर ‘सेंद्रिय’ हे पदार्थाच्या घटनेचे नव्हे, तर उत्पादनपद्धतीचे विशेषण आहे हे स्पष्ट होते. जमिनीचा पूर्वेतिहास, रूपांतरणाचा काळ, बियाण्याचा स्रोत, शेजारच्या शेतातून येणारी फवारणी, नोंदवह्या यांची तपासणी होते. तयार धान्यातील कार्बनचा येथे संबंध नाही. ज्वारीचा दाणा कोणत्याही पद्धतीने पिकविला तरी रसायनशास्त्राच्या दृष्टीने तो सेंद्रिय संयुगांचाच बनलेला असतो.

म्हणूनच या मानकांत रसायनशास्त्राच्या अध्यापकास कोड्यात टाकणाऱ्या गोष्टी सापडतात. द्राक्षबागेत फवारले जाणारे बोर्डो मिश्रण मोरचूद व चुना यांचे बनते. गंधक हे तर मूलद्रव्यच. खडकातून मिळणारे रॉक फॉस्फेट हे खनिज. ही सारी द्रव्ये रासायनिक अर्थाने निःसंशय असेंद्रिय आहेत, तरीही विशिष्ट अटींवर सेंद्रिय शेतीत त्यांचा वापर संमत आहे. याउलट रासायनिक अर्थाने सेंद्रिय असलेला युरिया तेथे वर्ज्य आहे, कारण तो कारखान्यात अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून उच्च दाबाखाली तयार होतो.

गोमूत्राचे उदाहरण याहून बोलके आहे. गायीच्या मूत्रातील नायट्रोजनाचा मोठा भाग युरियाच्या रूपातच असतो. एकरी दोनशे लिटर पाण्यात शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती कालवून जीवामृत करतात, तेव्हा त्या पिंपातही युरिया असतो. तो रेणू आणि थळच्या कारखान्यातील युरियाचा रेणू यांत कोणताही फरक नाही. व्होलरने सिद्ध केले ते हेच. मातीतील युरिएज हे विकर दोहोंचे विघटन सारख्याच रीतीने करते आणि पिकाच्या मुळांना शेवटी अमोनियम व नायट्रेट हे आयनच मिळतात. मग भेद कशात आहे? गोणीतील युरियात सेहेचाळीस टक्के नायट्रोजन असतो आणि तो एकदम, एकटाच मातीत जातो. गोमूत्र व शेण यांतून तो अल्प प्रमाणात, सूक्ष्मजीव व कुजणारे द्रव्य यांच्यासह जातो. भेद मात्रेचा, सोबतीचा आणि मार्गाचा आहे, रेणूचा नाही. सेंद्रिय शेतीचे समर्थन करणाऱ्याने ‘युरियाचा रेणूच विषारी’ असे म्हणण्याचे कारण नाही, आणि रसायनशास्त्राच्या अध्यापकाने ‘रेणू एकच, म्हणजे सारे एकच’ असे म्हणून शेतकऱ्याचे हसे करण्याचेही नाही. दोन्ही विधाने सारखीच उथळ आहेत.

निर्धोकपणाचा आभास

संज्ञेतील संदिग्धता वर्गापुरती मर्यादित असती तर तिची एवढी चर्चा करण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु बाजारात ‘सेंद्रिय’ म्हणजे निर्धोक आणि ‘रासायनिक’ म्हणजे घातक असे समीकरण रूढ झाले आहे. रासायनिक नसलेला पदार्थ अस्तित्वात नाही, पाणीही नाही. गुळाच्या ढेपेवर ‘रसायनविरहित’ असे छापतात. त्याचा खरा आशय, रंग उजळविण्यासाठी हायड्रॉस वापरलेले नाही, एवढाच असतो. रस निवळण्यासाठी गुऱ्हाळात घातलेला चुना हेही रसायनच. मिठाच्या पुडीवर ‘ऑर्गॅनिक’ हा शब्द आढळला तर तो तिन्ही अर्थांनी निरर्थक आहे : मीठ सजीवापासून आलेले नाही, त्यात कार्बन नाही आणि ते शेतात पिकत नाही.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्या वेळी ज्या कीटकनाशकांची चर्चा झाली त्यांतील मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस ही दोन्ही ‘ऑर्गॅनोफॉस्फरस’ गटातील आहेत. मराठी पुस्तकांत या गटास ‘सेंद्रिय फॉस्फरस कीटकनाशके’ असे म्हणतात. मज्जातंतूंचे कार्य बिघडविणाऱ्या द्रव्याच्या नावात तोच शब्द यावा, जो दुकानातील पालेभाजीच्या जुडीवर आरोग्याची ग्वाही म्हणून छापलेला असतो! परिभाषेच्या दृष्टीने ते भाषांतर शुद्ध आहे. पण फवारणीचे प्रशिक्षण देणारी पुस्तिका तयार करणाऱ्याने तेथे ‘सेंद्रिय’ हा शब्द टाळावा आणि ‘ऑर्गॅनोफॉस्फरस’ हेच नाव ठेवावे. येथे शुद्धतेपेक्षा सावधपणाचे महत्त्व अधिक आहे.

सेंद्रिय कर्ब

शेतकरी आणि रसायनशास्त्रज्ञ यांची या शब्दाभोवती खरी गाठ पडते ती माती परीक्षणाच्या अहवालात. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटकांची नोंद असते. त्यांत सामू, विद्युतवाहकता, नत्र, स्फुरद, पालाश यांच्याबरोबर ‘सेंद्रिय कर्ब’ हा रकाना असतो. अर्ध्या टक्क्याहून कमी कर्ब म्हणजे कमी आणि पाऊण टक्क्याहून अधिक म्हणजे भरपूर, असा ढोबळ दंडक सर्वत्र सांगितला जातो. जमिनीची पाणी धरून ठेवण्याची क्षमता, तिची भुसभुशीत रचना आणि जिवाणूंचे पोषण या सर्वांशी या आकड्याचा संबंध असल्याने शेतकरी तो प्रथम पाहतो.

हा कर्ब मोजण्यासाठी १९३४ मध्ये वॉकली व ब्लॅक यांनी सुचविलेली पद्धत आजही प्रयोगशाळांतून सर्रास वापरली जाते. मातीच्या नमुन्यात पोटॅशियम डायक्रोमेट व संहत सल्फ्युरिक आम्ल घालतात. मातीतील सेंद्रिय द्रव्याचे त्यामुळे ऑक्सिडीकरण होते, आणि किती डायक्रोमेट खर्च झाले हे अनुमापनाने काढतात. पदवीच्या विद्यार्थ्यास हा प्रयोग सहज समजतो. ज्या आकड्यावर सेंद्रिय शेतीचे यश तोलले जाते, तो आकडा अतिशय दाहक अशा दोन असेंद्रिय द्रव्यांच्या साहाय्याने मिळतो, ही गंमत त्याच्या लक्षात आणून द्यावी.

या पद्धतीत एक बारकावा आहे. महाराष्ट्रातील काळ्या जमिनींत अनेक ठिकाणी चुनखडी मुबलक असते. चुनखडीतही कार्बन असतो, परंतु डायक्रोमेटने तो मोजला जात नाही, कारण कार्बोनेटातील कार्बनचे आणखी ऑक्सिडीकरण होऊ शकत नाही. म्हणून मातीतील सेंद्रिय व असेंद्रिय कार्बन या पद्धतीने वेगळे करता येतात. आता हीच कसोटी युरियास लावून पाहावी. युरियातील कार्बनही कार्बोनेटातील कार्बनाप्रमाणेच ऑक्सिडीकरणाच्या शेवटच्या पायरीवर, अधिक चार या स्थितीत असतो. तेव्हा सैद्धांतिक दृष्ट्या युरियाचा कार्बन ‘सेंद्रिय कर्ब’ म्हणून नोंदविलाच जाणार नाही. शिवाय मातीत त्याचे विघटन काही दिवसांतच होते व त्याचा कार्बन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने निघून जातो. युरिया टाकून जमिनीचा कर्ब वाढत नाही, हे शेतकऱ्याचे निरीक्षण आहे. ते रसायनशास्त्राच्या विरोधात नाही. ऑक्सिडीकरण अवस्थांच्या पाठातच त्याचे स्पष्टीकरण आहे.

पर्यायी संज्ञांचा प्रश्न

मराठी विश्वकोशाने रसायनशास्त्राच्या शाखांसाठी ‘कार्बनी’ व ‘अकार्बनी’ या संज्ञा स्वीकारल्या, आणि राज्याच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातही ‘कार्बनी संयुगे’ असे प्रकरण आहे. केकुलेच्या व्याख्येशी हा शब्द तंतोतंत जुळतो. महाविद्यालयीन वापरात मात्र ‘सेंद्रिय रसायनशास्त्र’ अद्याप टिकून आहे. त्यामुळे दहावीत कार्बनी शिकून आलेला विद्यार्थी पुढे सेंद्रियशी अडखळतो. रेणूच्या संदर्भात ‘कार्बनी’ हाच शब्द वापरणे इष्ट होय. तथापि सर्वत्र ‘सेंद्रिय’ काढून ‘कार्बनी’ घालावे, असा नियम करता येणार नाही. तसे केल्यास मृदा आरोग्य पत्रिकेतील रकाना ‘कार्बनी कार्बन’ असा होईल! तेथे ‘सेंद्रिय’ हा शब्द बर्झेलियसच्या, किंबहुना चरकाच्या अर्थाने येतो : जे कधी काळी सजीव होते त्याचा अवशेष. पाठ्यपुस्तकांनी मृत ठरविलेला तो अर्थ मातीच्या संदर्भात जिवंत आहे, आणि तेथे तो अचूकही आहे.

हिंदीने ही अडचण वेगळ्या रीतीने टाळली आहे. तेथे रसायनशास्त्र ‘कार्बनिक’ आणि शेती ‘जैविक’. परंतु हिंदीतील हा शब्द मराठीत येताना नवा घोटाळा करतो. मराठीत ‘जैविक खत’ म्हणजे रायझोबियम, अॅझोटोबॅक्टर यांसारखे जिवाणू खत, तर हिंदीत ‘जैविक खाद’ या नावाखाली शेणखत व कंपोस्टही येते. २०१७ मध्ये सेंद्रिय अन्नासाठी ‘जैविक भारत’ हे बोधचिन्ह आले. त्यामुळे महाराष्ट्रातील ग्राहकास एकाच पाकिटावर ‘जैविक’, ‘सेंद्रिय’ आणि ‘ऑर्गॅनिक’ हे तिन्ही शब्द दिसू शकतात. हे तीन निरनिराळे गुण आहेत, असा त्याचा समज झाल्यास दोष त्याचा नव्हे.

मराठी माध्यमाच्या प्रश्नपत्रिका काढताना निदान एक गोष्ट लगेच करता येण्यासारखी आहे. ‘युरिया सेंद्रिय आहे की असेंद्रिय?’ असा प्रश्न न विचारता ‘युरिया हे कार्बनी संयुग असूनही सेंद्रिय शेतीत वर्ज्य का आहे?’ असा प्रश्न विचारावा. उत्तरासाठी सहा ओळींची जागा सोडावी.